गच्चीचं भाडं

मालकांनी दाराबाहेर चपला काढल्या, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "गच्चीवर चुना कुणी फासला?"

"मी," टेलरबाई म्हणाली. मशीनवरचा पाय थांबला नाही.

खोली वरच्या मजल्यावरची, कोपऱ्यातली. एका बाजूला मशीन आणि कापडांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला पाळणा. पाळण्याशी बसलेली टेलरबाईची लेक मापाच्या पुठ्ठ्याने आपल्या बाळाला वारा घालत होती. बाळाच्या मानेपासून पाठीपर्यंत घामोळं उठलेलं.

"हळू बोला," लेक म्हणाली. "आज पहिल्यांदा दुपारचं झोपलंय."

मालक हळू बोलायला आलेच नव्हते. फिरता टेबलफॅन त्यांच्यापर्यंत आला, तसे ते सदऱ्याचं वरचं बटण सोडून गळ्याला वारा घेऊ लागले. टेलरबाईने उठून फॅनचा खटका दाबला आणि त्याचं तोंड पाळण्याकडे पक्कं केलं. मग परत मशीनवर बसली.

"युनिटचे पैसे मी भरते, मालक. तेही तुमच्या दराने. वारा कुणाला द्यायचा ते मी बघते."

मालकांनी बटण परत लावलं.

गेल्या पावसाळ्यात छत गळायला लागलं, तेव्हा त्यांनी गच्चीवर डांबर ओतून घेतलं होतं. चौकशीत तेच सगळ्यात स्वस्त निघालं. गळती थांबली, उन्हाळा लागला आणि खालच्या खोलीची भट्टी झाली. कूलर आणू का, असं टेलरबाईने विचारलं, तर मालकांनी उभ्या उभ्या कूलरचं वेगळं भाडं सांगितलं. ते कूलर आणल्यापासून लागणार की विचारल्यापासून, एवढंच तिला कळलं नाही. मग तिने चुन्याची गोणी आणली, त्यात डिंक कालवला आणि पहाटे गच्चीवर जाऊन कुंचला फिरवला. आपल्या चार भिंतींवर जेवढं छत येतं, तेवढ्यावरच. बेतून कापल्यासारखं.

"गच्ची भाड्यात नाही," मालक म्हणाले. "ठरलं तेव्हाच सांगितलं होतं. खोली तुमची, गच्ची माझी."

"कबूल. मग गच्चीवरचं ऊन कुणाचं?"

"म्हणजे?"

"गच्ची तुमची, तर तिच्यावरचं ऊनही तुमचंच. ते दिवसभर माझ्या खोलीत आणून ठेवता. मी कधी जागेचं भाडं मागितलं?"

लेकीने पुठ्ठा तोंडासमोर धरला. मालकांना तेवढंही दिसलं.

"फार बोलू नका, टेलरबाई. संध्याकाळपर्यंत चुना खरवडून टाका. नाहीतर तेवढ्या गच्चीचं भाडं लावतो. ते जमत नसेल तर खोली रिकामी करा. या खोलीला गिऱ्हाईक पुष्कळ आहे."

मशीन थांबलं. लेकीने आईकडे पाहिलं. टेलरबाईने उठून पाळण्यावर हात ठेवला, बाळाच्या पाठीचा अंदाज घेतल्यासारखा, आणि मग गळ्यातली टेप काढून मालकांपुढे धरली.

"लावा भाडं. पण मोजून लावा. अंदाजपंचे कारभार मला चालत नाही."

आता मोजून पैसे घ्या म्हटल्यावर मालक थांबतील, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी टेप गळ्यात अडकवली आणि शेजारच्या जिन्याने वर निघाले. अर्ध्यावरून चपलांसाठी वळले, तर टेलरबाई मागे उभी.

"पाटी, मालक."

जिन्याच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'गच्चीवर चपला घालून जाऊ नये. डांबर निघाल्यास भरपाई घेतली जाईल.' ही भरपाई त्यांनी दोन भाडेकरूंकडून वसूलही केली होती. मालकांनी पाटीकडे पाहिलं, टेलरबाईकडे पाहिलं आणि अनवाणीच वर गेले.

गच्चीचं दार उघडून ते तरातरा निघाले. तिसऱ्या पावलाला चाल बदलली. पाचव्याला पळायला लागले. डांबर तव्यासारखं तापलं होतं आणि वर तळव्यांना चिकटत होतं. समोर पांढरा चौकोन होता. मालकांनी शेवटचं अंतर जवळजवळ उडी मारूनच गाठलं आणि दोन्ही पाय चुन्यावर टेकून उभे राहिले.

थोड्या वेळाने त्यांचा चेहरा सैल झाला. एक पाय उचलून त्यांनी खाली पाहिलं. परत ठेवला.

"गार आहे ना?" टेलरबाईने दाराच्या सावलीतून विचारलं.

"चपला आणा माझ्या."

"चपलांनी डांबर निघतं, मालक. भरपाई कोण देणार?"

"अहो, मालक आहे मी!"

"म्हणून तर. तुमचंच डांबर. चाला की त्याच्यावरून."

मालकांनी एक पाऊल काळ्यावर टाकलं आणि चटकन मागे घेतलं. चौफेर त्यांची स्वतःची गच्ची पसरली होती. पाय ठेवता येईल एवढी जागा तेवढी टेलरबाईची. ते टेपशी चाळा करत उभे राहिले. मोजायचं मात्र त्यांनी मनावर घेतलं नाही.

"किती भरलं?" तिने विचारलं.

मालकांनी टेपचं टोक हातातून सोडून दिलं.

"बरं, ऐका. चुन्याची बादली तिथेच, पांढऱ्याच्या कोपऱ्यात आहे. कुंचलाही आहे. पुढे चुना लावा, वाळू द्या, त्यावर पाय ठेवा आणि असं करत करत या इकडे. ऊन आहे, चटकन वाळेल."

मालकांनी जिन्याच्या दाराकडे पाहिलं, मग सूर्याकडे. शेवटी बादली ओढली, उकिडवे बसले आणि कुंचला बुडवला. गळ्यातल्या टेपचं एक टोक चुन्यात लोळायला लागलं.

खालून लेकीचा दबका आवाज आला. "आई, वर कोण आहे गं?"

"कारागीर आलाय," टेलरबाई म्हणाली आणि दाराच्या चौकटीला टेकून हाताची घडी घातली. काळ्यातून एक पांढरा पट्टा हळूहळू तिच्या दिशेने येत होता. तिने तो जरा वेळ पाहिला.

"रुंद घ्या, मालक. भाडं त्याचंही लावायचंय ना?"