उद्या सकाळीच

"तुला कसलं दुःख? तू तर पीतही नाहीस," सदानंदने मुकुंदाच्या सोड्याकडे कीव येऊन पाहिलं.

"बायको सोडून गेली," मुकुंदा म्हणाला.

परमिट रूममधल्या त्या डगमगत्या टेबलावर सदानंदने ग्लास आदळला. विलासच्या डोळ्यांत पाणी आलं. "आम्ही काय मेलो होतो? उद्या सकाळीच जाऊन वहिनींना घेऊन येऊ," सदानंदने मुकुंदाला छातीशी कवटाळून शपथ घेतली. भावनेच्या भरात दोघांनी मुकुंदाची भुर्जीही संपवली.

मग नेहमीसारखं मुकुंदाने दोघांना ट्रिपल सीट घरी पोचवलं.

गेल्या शनिवारीही ही बातमी ऐकून ते असेच हादरले होते. शपथही हीच होती. रविवारी मुकुंदा इस्त्रीचा शर्ट घालून दुपारपर्यंत दारात उभा होता.

या आठवड्यात त्याने शर्ट इस्त्रीला टाकलाच नव्हता.