निळी कडी

"अहो, 'हं' काय म्हणताय? डोळे निळे झालेत तुमचे!" पोह्यांची बशी आपटत रत्नप्रभा म्हणाली.

दिगंबरपंत पकडले गेले. डोळ्यांत बसवलेल्या नव्या भिंगांची हीच पंचाईत होती. जवळचं बघताना बुबुळाभोवतीची कडी हिरवी होई, लांबचं बघताना निळी. भिंगं नीट काम करताहेत का, हे घरच्यांना कळावं म्हणून केलेली ती सोय. पण उभा संसार बायकोच्या आरपार बघत 'हं' म्हणण्यात काढलेल्या माणसाची त्या सोयीने पुरती वाट लावली.

मग मे महिन्यात रत्नप्रभानेही तीच भिंगं बसवून घेतली. एका सकाळी अंगणात तिच्यासमोर बसून पंत आपल्या बदलीची कहाणी रंगवून सांगत होते. ती मान डोलावत होती. डोळे मात्र निळेशार.

"म्हणजे तूसुद्धा?"

"अहो, तुमची बदली मला तोंडपाठ आहे," ती हसत म्हणाली. "पण तुमच्या मागे उंबरावर धनेश पक्ष्यांची जोडी आलीय."

पंतांनी खुर्ची उचलली आणि तिच्या शेजारी आणून ठेवली. कहाणी अर्धीच राहिली. चहा निवत गेला. चारही डोळे निळे होते, आणि कुणाचीच तक्रार नव्हती.