मागच्या खोलीतला दिवा

जावयाने पिशवीतून पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा बाहेर काढला, तेव्हा सासऱ्यांनी आधी चष्मा पुसून घेतला. नीट बघून मगच नावं ठेवायची, अशी त्यांची पद्धत होती.

तुकडा बोटभर जाड होता. पाट्या बनवणाऱ्याच्या दुकानातलं ते कापून उरलेलं टाकाऊ सामान. एका कोपऱ्यात निळ्या अक्षरांत 'दातांचा' एवढंच शिल्लक होतं.

"छान," सासरे मुलीला म्हणाले. जावई समोर असला तरी ते मुलीशीच बोलत. "आता दाराला घंटा लावा. पेशंट यायला लागतील."

जावई हसला आणि स्टूल आणायला गेला. सासऱ्यांना त्याचा सगळ्यांत जास्त राग यायचा तो याच गोष्टीचा. अपमान केला तर तो माणसाला कळायला तरी हवा.

सासऱ्यांनी जन्मभर सागवानी कपाटं विकली होती. दुकान आता मुलगा बघत होता. मुलाच्या घरी फरशा बदलायचं काम निघालं, म्हणून धुळीचा त्रास नको असं म्हणत त्याने वडिलांना थोडे दिवस बहिणीकडे आणून सोडलं. त्या थोड्या दिवसांचा आता महिना होत आला होता. सासऱ्यांच्या मते त्याला कारण एकच, हल्लीचे कारागीर कामचोर.

मुलीचं घर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या आणि मागे एक अडगळीची. अडगळीच्या खोलीची एक भिंत बाथरूमला लागून, त्यामुळे तिला बारा महिने ओल. हात लावला की पोपडा हातात यायचा. जावयाने नेमकी तीच खोली मनावर घेतली होती. अडगळ काढली, भिंत खरवडली, रंग दिला. आता दिवा बसवायचा होता आणि ओल्या गिलाव्यात स्क्रू धरत नव्हता. मागे एखादी रुंद फळी हवी होती, पाणी न पिणारी आणि स्वस्त. जावई बस डेपोत कारकून होता. 'आणि स्वस्त' हे शब्द त्याला प्रत्येक वस्तूच्या मागे जोडावेच लागत.

पहिल्यांदा त्याने प्लायवूड लावलं. ते भिजलेल्या बिस्किटासारखं फुगलं आणि एका सकाळी दिवा वायरीला लोंबकळताना दिसला. "याला तुमच्याकडे लाकूड म्हणतात का?" सासऱ्यांनी मुलीला विचारलं. मग पत्रा आला. चार दिवसांत नव्या रंगावर गंजाचे दोन ओघळ उतरले. "भिंतीला मिशा फुटल्या," सासरे म्हणाले आणि चहा मागितला. त्यानंतर जावई कामावरून येताना रोज कुठल्यातरी दुकानात डोकावायचा, भाव विचारायचा आणि रिकाम्या हाताने घरी यायचा. सासऱ्यांना ते बघायला आवडत नव्हतं असं नाही.

आज रविवार होता. जावयाने मेन स्विच बंद केला आणि भोकांच्या खुणा करायला स्टुलावर चढला. भिंत आणि तुकडा यांच्यात थोडी फट राहावी, म्हणून तो प्रत्येक स्क्रूमागे एकेक जाड वायसर घालणार होता. हवा खेळली की ओल साचत नाही, असं त्याने बायकोला समजावलं. सासऱ्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांची नजर खोलीत फिरत होती. कोपऱ्यात पलंग आला होता. त्यावरची गादी कोरी होती, अजून प्लास्टिकच्या कव्हरात.

"भाडेकरू बघितलाय वाटतं," ते म्हणाले.

मुलगी फडक्याने पलंगाची कड पुसत राहिली.

"सांगून ठेवतो, भल्या माणसाला ही जागा दाखवू नका. घरच्यांनी बाहेर काढलेला कुणीतरी शोधा. तो ओलीची तक्रार करणार नाही."

जावयाचा हात थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने हातातलं फडकं पलंगाच्या कडेला ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली, "दादाकडे फरशांचं काम निघालंच नाहीये. कधी निघालंच नव्हतं."

सासरे आधी हसले. मग हसायचे थांबले.

"वहिनीला आता झेपत नाही म्हणाला. तुमचे उरलेले कपडेही त्याने पाठवलेत, माझ्या कपाटात आहेत. ही खोली नीट झाली की मी सांगणार होते. आधी सांगितलं असतं, तर तुम्ही बाहेरच्या खोलीत पाहुण्यासारखे बसून राहिला असता."

खोटं बोलतेस, असं म्हणायला सासऱ्यांनी तोंड उघडलं, पण मुलाला ते ओळखून होते. नको असलेला माल गोड बोलून दुकानाबाहेर कसा काढायचा, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

ते पलंगावर बसले. गादीचं कव्हर चुरचुरलं. मुलीने पुढे केलेलं पाणी त्यांनी घेतलं, पण ते पेला नुसता हातात धरून राहिले.

जावई स्टुलावरून उतरला नव्हता. तुकडा भिंतीला टेकवून तो तसाच उभा होता.

"बाबा, दिवा इथे चालेल का?" त्याने विचारलं. "आडवं पडल्यावर डोळ्यांवर येईल का तुमच्या?"

सासऱ्यांनी पेला जमिनीवर ठेवला. पाय तसेच खाली सोडून ते पलंगावर आडवे झाले आणि भिंतीकडे बघत राहिले.

"थोडा खाली घ्या," ते जावयाला म्हणाले. "रात्री मला वाचायला लागतं."