ग्रेनाशची मुळं

हौसाबाईंच्या विहिरीच्या कोरड्या तळाला पांढऱ्या मुळांचं जाळं पसरलं होतं. शेजारच्या बागेच्या मालकीण मंदाकिनी गांगुर्डे वाकून बघत राहिल्या. पाऊस आटून दिंडोरीच्या वायनरी बंद पडल्या, तेव्हा त्यांनीच प्रयोगशाळेत हा ग्रेनाश द्राक्षाचा वेल घडवला होता. दोनशे फूट खोल जाऊन तो स्वतःच पाणी शोधायचा. सगळा तालुका त्याच्यावर सावरला होता.

“ताई, ही तुमच्याच बागेतली ना?” हौसाबाईंनी विचारलं.

“हो. उद्याच बाग तोडते मी.”

“तोडल्यावर मुळं थांबतील?”

मंदाकिनींनी नकारार्थी मान हलवली. वरचा वेल गेला तरी मुळं जगावीत, पाणी शोधत राहावीत, यासाठीच त्या सात वर्षं खपल्या होत्या.

हौसाबाई समजल्या.

“मग नका तोडू,” त्या म्हणाल्या. “माझं पाणी गेलंच आहे. द्राक्षं तरी येऊ देत.”