घरातला शब्द

"ब्रु-नुस्त!" ब्रागेनं दोन टाळ्या वाजवल्या आणि सगळा वर्ग खिदळला.

"अरे, कुठंही काय तोडतोस?" वर्गशिक्षिका तोरुन म्हणाली. "ब्रुन म्हणजे तपकिरी, उस्त म्हणजे चीज. शब्द तोडायचा तो सांध्यावर. ब्रुन-उस्त."

जोडशब्दांचा तास होता. घरात बोलला जाणारा एक शब्द प्रत्येकानं आणायचा, टाळ्या वाजवत फोडायचा, मग सलग म्हणून दाखवायचा.

सिन्ने उठली. एरवी ती कधी हात वर करत नसे. "शेलर," टाळी. "दाग," टाळी. तळघर, आणि दिवस. सांधा अगदी बरोबर सापडला होता. मग ती सलग म्हणाली, "शेलरदा."

"असा शब्दच नाहीये!" ब्रागे ओरडला. "तोरुन, ही फेकतेय."

"आहे," सिन्ने म्हणाली. "आमच्याकडे आहे."

पोरं हसली. तोरुनलाही हसू येत होतं. दर वर्षी एखादं पोर असा मनचा शब्द जुळवून आणायचंच. पण नवा शब्द पोरं जपून उच्चारतात, सांध्यापाशी अडखळतात, शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं म्हणतात. सिन्नेनं शेवटचा 'ग' गिळला होता. मांदागचा 'ग' सगळे गिळतात आणि सोमवारला नुसतं 'मांदा' म्हणतात, तसा. वारांची नावं रोज तोंडात घोळून झिजतात. हा शब्दही झिजलेला होता.

तोरुनचं हसू विरलं. तिला सिन्नेचा बाप आठवला. पालकसभेला हौसेनं वाफल भाजून सगळ्यांना आग्रहानं वाढणारा.

तिनं बाकीच्यांना बर्फात खेळायला सोडलं आणि सिन्नेच्या बाकाशी उकिडवी बसली.

"शेलरदाला काय करता गं तुम्ही?"

"काही नाही. खाली बसायचं."

"दिवा लावून?"

सिन्नेनं मान हलवली. "दिवा नसतो. रडलं की दुसऱ्या दिवशी पण शेलरदाच."

बालसंरक्षण कचेरीला फोन करायचा, एवढं तर तोरुनचं ठरलंच. पण घाई केली तर पोर बिचकेल, पुन्हा तोंड उघडणार नाही. शाळा सुटायला अजून अवकाश होता. तोवर ती इथंच होती, उजेडात, आपल्या नजरेसमोर. तोरुननं तिचा गार हात हातात घेतला आणि जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं,

"मग आज कुठला वार आहे तुमच्याकडे?"

"माझा मांदा," सिन्ने म्हणाली. "तिरिलचा शेलरदा. ती धाकटी आहे ना, तिला शाळा नसते."