हरलेल्याचा मुखवटा

आमच्या मेक्सिकोत पैलवान मुखवटा घालून लढतात; तो पणाला लावून हरलेल्याने तो जिंकणाऱ्याला द्यायचा आणि आपलं खरं नाव सांगायचं. माझ्या शिष्याला, हेनारोला, माझा हवा होता. "वस्ताद, गुडघे कुरकुरतात तुमचे, आता हरा की!" तो हसायचा. "पुढच्या वर्षी तुझ्याकडून हरतो आणि निवृत्त होतो," मी म्हणायचो. बारा वर्षं म्हणत राहिलो. मुख्य लढतीतून वेळेवर हटलो असतो, तर त्याची उड्या-सूर मारत लढायची हवेतली कुस्ती देशभर पाहिली गेली असती. ती रोजच्या कार्यक्रमात सगळ्यात आधी, रिकाम्या खुर्च्यांपुढे होणाऱ्या लढतीतच अडकली. परवा तिथेच सूर मारताना त्याची मान मोडली. आज शवपेटीपुढे गुडघे टेकून मी मुखवटा काढला, त्याच्या हातांवर ठेवला. "मी एपिफानिओ लुना. एकेचाळीस वर्षं लढलो. आज हरलो." माझ्या उघड्या चेहऱ्याकडे न बघताच त्याच्या बायकोने मुखवटा परत दिला. "घाला हा, वस्ताद. तुमची लढत झालीच नाही."