भावनाची पात

भावनाला उद्या प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत तारे कसे जन्मतात यावर तास घेऊन दाखवायचा होता. आज मात्र केदारखेड्याच्या शेतात ती मायच्या शेजारची पात धरून कापूस वेचत होती. वेचता वेचता तासाची उजळणी सुरू झाली. हळूहळू पांढऱ्या बोंडांची पोरं झाली, समोरच्या आभाळाचा फळा झाला. हात कधी थांबले, तिला कळलंच नाही. पाय तेवढे चालत राहिले.

पात संपली तशी ती भानावर आली. वळून पाहिलं, तर तिच्या पातीत एकही बोंड वेचायचं राहिलं नव्हतं आणि मायची ओटी दुप्पट फुगली होती.

"माय, हाक तरी मारायची!"

"तास चालू असताना मॅडमला हाक मारतेत का कुठं?"